उचलबांगडी नको, कूस बदला

श्रीपूरच्या कारखान्यातून साखरेचे पोते बाहेर पडते, तेव्हा त्याचे वजन त्याच्यावर छापलेले असते. ५० किलो. पूर्वी साखरेचे आणि धान्याचे पोते १०० किलोचे असे. ते निम्म्यावर यावे म्हणून हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाच्या पाठीवर किती वजन पडते हा सरकारने विचारण्याचा प्रश्न आहे, हे या राज्याने त्या काळातच मान्य केले.

दवाखान्यातल्या कॉटवर पडलेल्या माणसावर मात्र वजन छापलेले नसते. पासष्ट-सत्तर किलोचे आजोबा अर्धांगवायूने आडवे झालेले असतात. त्यांना वर सरकवायचे, कुशीवर वळवायचे, बेडपॅन द्यायचा, खुर्चीत बसवायचे, परत झोपवायचे, हे सगळे एखादी पंचावन्न किलोची सिस्टर आणि तिच्या हाताखालच्या मावशी करत असतात. त्या नसतील तर आजोबांची सून करते. हमाल निदान पोते एकट्याने जमिनीवरून उचलत नाही, दोघे जण ते त्याच्या पाठीवर चढवतात. सुनेला तेवढीही मदत नसते.

सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की रुग्णाला हलवणे हा औषधाच्या तोडीचा उपचार आहे. आपण मात्र तो ताकदीचे आणि सेवाभावाचे काम समजून कोणाच्या तरी कमरेवर सोडून दिला आहे. त्यामुळे दोन माणसे आजारी पडतात. ज्याला वेळेवर हलवले जात नाही तो, आणि जिला चुकीच्या पद्धतीने हलवावे लागते ती.

पडून राहण्याची किंमत

आपल्याकडे आजारपण म्हटले की आराम. 'हलू नका, पडून राहा, आम्ही आहोत ना,' असे प्रेमाने सांगितले जाते. हाड मोडले असेल, मणक्याला मार असेल किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले असेल, तर पडून राहणे बरोबरच आहे. एरवी अंथरूण हे शरीराला फार लवकर खिळखिळे करते. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी १९४७ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. २००७ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात बारा निरोगी, सरासरी ६७ वर्षे वयाच्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांच्या स्नायूंचे वजन जवळजवळ एक किलोने घटले. ही धडधाकट माणसे होती. आजारी, अशक्त, जेमतेम खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे काय होत असेल याचा अंदाज करा.

स्नायू जातात तेव्हा चालण्याची ताकद जाते आणि बरे होऊनही माणूस उठत नाही. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर जीव जातो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. बद्धकोष्ठ होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो. म्हातारी माणसे पडून पडून भ्रमिष्टासारखी बोलू लागतात.

आणि पाठीला जखमा होतात. बेडसोअर हा शब्द आता खेड्यातही सगळ्यांना माहीत झाला आहे. माकडहाड, कंबरेच्या बाजूची हाडे, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो. दीर्घ आजाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे परिचर्येत शिकवतात ते यासाठीच. सुरुवातीला फक्त लाल डाग दिसतो. बोट दाबून उचलल्यावर तो पांढरा पडत नसेल तर कातडीला इजा झाली आहे असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा पाहावा लागतो. त्या डागावर पावडर किंवा स्पिरिट लावून चोळण्याची जुनी सवय अजून आहे, ती सोडावी. चोळल्याने आधीच नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या काठावर दाब वाढतो.

ही जखम टाळता येते याचा महाराष्ट्रातला सर्वात मोठा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही ही गोष्ट न्यायालयासमोर आली. त्या खटल्यातील कायद्याचा आणि नीतीचा वाद मोठा आहे, तो इथे बाजूला ठेवू. मला फक्त त्या एका वाक्यामागचे काम दिसते. दर दोन तासांचा नियम धरला तर वर्षाला चार हजारांहून जास्त वेळा कूस बदलावी लागते. ते कोणत्याही महागड्या औषधाने झाले नाही, हातांनी झाले. त्या हातांच्या मागे किती पाठी होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी मोजले नाही.

कंबर का जाते?

जड उचलले की कंबर धरते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण रुग्ण उचलताना ती इतकी हमखास का धरते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहारीने दगड हलवताना आपण लांब टोकाला जोर लावतो आणि जवळच्या टोकाला मोठे वजन उचलले जाते. कंबरेत हीच पहार उलटी चालते. मणके आणि त्यांना ओढून धरणारे पाठीचे स्नायू यांच्यातले अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. आपण कॉटवर ओणवे होऊन हात लांब करतो, तेव्हा रुग्णाचे वजन मणक्यापासून चाळीस सेंटिमीटर दूर जाते. म्हणजे आठपट. रुग्णाचा वीस किलोचा भार धरायला पाठीच्या स्नायूंना एकशे साठ किलोचा ओढा द्यावा लागतो. त्यात आपल्या वाकलेल्या धडाचे वजन सांभाळायचे ते वेगळे. ढोबळ हिशेब केला तर कंबरेच्या खालच्या चकतीवर साडेतीनशे किलोच्या आसपास दाब येतो. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार आरोग्य संस्थेने सावधगिरीची जी रेषा आखली आहे, ती ३४०० न्यूटन, म्हणजे एवढीच आहे. वाकल्यावर कमरेत पीळ दिला, तर चकतीला त्याहून कमी भारही पुरतो.

शिवाय माणूस म्हणजे पोते नव्हे. त्याला धरायला कान नसतात, त्याचे वजन एका जागी राहत नाही. तो घाबरतो, मधेच अंग सोडतो, गळ्यात हात घालून लटकतो. खाली सलाइनची नळी, लघवीची पिशवी असते. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये रुग्ण हलवताना मणक्यावर येणारा भार मोजला. रुग्ण म्हणून घेतलेली व्यक्ती अवघी ५० किलोची आणि सहकार्य करणारी होती. तरीही एकट्याने हलवताना धोका खूप होता, आणि दोघांनी मिळून केले तरी तो सुरक्षित म्हणता येईल इतका खाली आला नाही. पुढे २००७ मध्ये नायॉशच्याच एका शास्त्रज्ञाने सर्व अनुकूल असेल तेव्हा रुग्ण उचलताना एकाच्या वाट्याला ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सोळा किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये, अशी मर्यादा सुचवली. सोळा किलो म्हणजे पाण्याने भरलेली मोठी बादली. कॉटवर तर पूर्ण माणूस असतो.

आपल्या भागातील बायकांच्या कमरेवर हे ओझे कोऱ्या पाठीवर येत नाही. उसाची मोळी, पाण्याची घागर, वैरणीचा भारा यांनी ती आधीच शिणलेली असते. सासऱ्यांच्या आजारपणानंतर सहा महिन्यांनी तीच सून माझ्याकडे पाय ओढत येते. चकती सरकून शीर दाबलेली असते. तिच्या केसपेपरवर मी 'कंबरदुखी' लिहितो. ती कशाने झाली, हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

पाठ सरळ ठेवा, एवढे पुरत नाही

परिचर्येच्या अभ्यासक्रमात शरीर कसे वापरावे हे शिकवले जाते. पाय फाकवून उभे राहा, गुडघ्यांत वाका, वजन अंगाजवळ घ्या, कमरेत पीळ देऊ नका. हे सगळे बरोबर आहे आणि प्रत्येकाला यायलाच हवे. पण एवढ्यावर भागेल असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. वजन उचलण्याचे नुसते प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळते का, यावरचे अभ्यास कोक्रेन या संस्थेने एकत्र तपासले. २०११ च्या त्या आढाव्यात प्रशिक्षणाने फायदा होतो असा पुरावा मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचेही तसेच. दुखणे नसताना पट्टा बांधून जड उचलता येते हा गैरसमज आहे.

कारण सोपे आहे. कॉट गुडघ्याएवढी ठेंगणी असेल, दोन कॉटींमध्ये एक फूट जागा असेल आणि मदतीला दुसरे माणूस नसेल, तर पाठ सरळ ठेवायची कशी? शहाणपण शिकवले, पण ते वापरायला जागाच दिली नाही, असे होते.

चाळीस खाटांच्या एका वॉर्डाचा हिशेब मांडून पाहू. समजा त्यांत आठ रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाहीत. आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाची चार वेळा, म्हणजे एकूण बत्तीस वेळा कूस बदलायची. दोघींनी मिळून, उशा लावून, चादर सारखी करून, एकेका वेळेला पाच मिनिटे धरली, तर दोघींचे दोन तास चाळीस मिनिटे फक्त यातच जातात. इंजेक्शने, सलाइन, नवे रुग्ण, नोंदी, राउंड हे उरलेल्या वेळात. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल, तर हा हिशेब कागदावरही जुळत नाही. मग कूस बदलणे नातेवाइकांवर जाते, आणि नातेवाइकांना कोणी काही शिकवलेले नसते.

म्हणून जगभर सूत्र बदलले. कसे उचलावे हे शिकवण्याऐवजी, उचलावेच लागू नये अशी व्यवस्था करायची. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी अंगमेहनतीने वजन हलवण्याचा धोका शक्य तिथे टाळणे ही मालकाची जबाबदारी ठरवली, आणि रुग्णालयेही त्यात आली. कॅलिफोर्नियात २०११ साली रुग्ण सुरक्षितपणे हलवण्यासाठी रुग्णालयांसाठी कायदा मंजूर झाला. आपल्याकडे कामगाराला इजा होईल इतके वजन उचलायला लावू नये, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातच होती. म्हणजे विचार आपल्याला नवा नाही. तो कारखान्याच्या दारापर्यंत आला आणि वॉर्डात शिरला नाही.

घरी काय करावे

कायदे होतील तेव्हा होतील. आज ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. मूळ नियम एकच : माणूस उचलायचा नाही, वळवायचा किंवा सरकवायचा. आणि जेवढे रुग्णाला स्वतः करता येते तेवढे त्याला करू द्यायचे. तो त्याचा व्यायाम आहे.

पहिली गोष्ट, जमिनीवरचे अंथरूण हलवा. जमिनीवर गादी घालून झोपवल्याने पडण्याची भीती जाते, पण सांभाळणारीला दिवसातून वीस वेळा उकिडवे बसून ओणवे व्हावे लागते. रुग्णाला कॉटवर घ्या आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी जाता येईल अशी कॉट मांडा. कूस बदलताना कॉट आपल्या कमरेच्या उंचीला असलेली बरी, आणि रुग्णाला उठून बसवताना त्याचे तळवे जमिनीला टेकतील इतकी खाली. घरात दोन्ही एकदम जमत नाही. रुग्ण बसू लागला असेल तर खालची उंची धरा, मुळीच उठत नसेल तर कॉट पक्क्या लाकडी ठोकळ्यांवर उंच करा. विटा निसटतात, त्या नकोत.

कूस बदलताना ज्या बाजूला वळवायचे आहे त्या बाजूला उभे राहा. रुग्णाचा पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर आणा. आपला एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा पलीकडच्या कमरेवर ठेवा. एक पाऊल पुढे, एक मागे. 'एक, दोन, तीन' म्हणून आपले वजन मागच्या पायावर घ्या, रुग्ण आपसूक तुमच्याकडे वळतो. ओढणारी पाठ नसते, पाय असतात. नंतर पाठीमागे उशी लावा, गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. पूर्ण कुशीवर नको, तिरके पुरे, म्हणजे कमरेच्या हाडावर दाब येत नाही. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या.

खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून वर ओढायची पद्धत सगळीकडे आहे. ती सर्वात वाईट. अर्धांगवायूच्या रुग्णाचा खांदा त्याने निखळतो आणि माकडहाडाची कातडी गादीवर घासून सोलते. त्याऐवजी खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक जाड चादर आडवी दुमडून कायम अंगाखाली ठेवा. वॉर्डात तिला ड्रॉशीट म्हणतात. दोन बाजूंनी दोघांनी चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धराव्या, रुग्णाला गुडघे वाकवून तळवे रोवायला सांगावे आणि तिघांनी एकदम सरकावे. चादरीखाली गुळगुळीत नायलॉनचे कापड दुहेरी घातले तर निम्म्या जोरात काम होते. काम झाल्यावर ते कापड आठवणीने काढून घ्या, नाहीतर रुग्ण घसरेल.

उठून बसवताना झोपल्या जागेवरून सरळ ओढू नका. आधी कुशीवर वळवा, पाय कॉटच्या बाहेर सोडा आणि मग खांद्याला आधार देऊन त्याला त्याच्या हाताने रेटायला लावा. पाय खाली जातात तसे धड वर येते. कडेला बसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा. बरेच दिवस पडलेल्या माणसाचा रक्तदाब उठल्यावर एकदम उतरतो आणि तो चक्कर येऊन पडतो. खुर्चीत घेताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, कॉटला खेटून ठेवा. चाकाची खुर्ची असेल तर ब्रेक लावा, पावले ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. त्याने तुमच्या गळ्यात हात घालू नये. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. आपले गुडघे त्याच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून आधार द्या. आणि तो पडूच लागला, तर झेलायला जाऊ नका. अंगाशी धरून सावकाश जमिनीवर टेकवा. जमिनीवर बसलेल्या रुग्णाला नंतर चार माणसे बोलावून उठवता येते.

एक अपवाद लक्षात ठेवा. झाडावरून, छपरावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला यातले काहीही करू नका. दोघांनी हातपाय धरून उचलबांगडी करत जीपमध्ये टाकणे आपल्याकडे अजून सर्रास चालते. मणका मोडलेला असेल तर त्या एका झटक्याने मज्जारज्जू तुटतो, आणि चालणारा माणूस कायमचा लुळा होतो. मान आणि धड एका रेषेत धरून, चार-पाच जणांनी एकदम, फळीवर घ्यावे. शक्य असेल तर १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवूच नये.

पैसे कुठून येणार?

यावर पहिला आक्षेप पैशांचा असतो. सरकारी दवाखान्यात औषधांची वानवा, तिथे रुग्ण उचलायची यंत्रे कुठून आणणार? आक्षेप खोटा नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत. ड्रॉशीट, गुळगुळीत सरकचादर, रुंद पट्टा यांची किंमत चार सलाइनच्या बाटल्यांशी ताडून पाहा. महाग असेल ती उंची कमी-जास्त होणारी कॉट आणि उचलण्याचे यंत्र. ती प्रत्येक खाटेला लागत नाहीत, अतिदक्षता आणि अस्थिरोग विभागापासून सुरुवात करता येते. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा : खोल बेडसोअरच्या रुग्णाचे महिनोन्महिने चालणारे ड्रेसिंग, आणि चाळिशीतच कमरेने अधू झालेली, दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवाची सिस्टर.

दुसरा आक्षेप भावनेचा असतो. 'आमच्या आईने आजीचे सगळे केले, तिने कुठे चादरी मागितल्या?' तिने मागितल्या नाहीत हे खरे. ती पन्नाशीत कमरेत वाकली होती हेही बहुधा खरे असेल. सेवेचे कौतुक जरूर करावे, पण कौतुकाने चकतीवरचा भार कमी होत नाही. आणि घरात धडधाकट मुलगा, नातू असताना कूस बदलण्याचे काम फक्त सुनेचे का, हा प्रश्नही विचारायला हवा. दर खेपेला दोन माणसे लागतात. दुसरे माणूस घरातच असते.

मग मागायचे काय? फार मोठे काही नाही. प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर औषधांच्या शेजारी एक ओळ असावी : हा रुग्ण स्वतः किती हलतो आणि त्याला हलवायला किती माणसे लागतात. ही ओळ डॉक्टरने लिहावी. खाटेशी कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता असावा. दर वॉर्डात सरकचादरी आणि पट्टे भांडारातून नियमाने मिळावेत, जसे हातमोजे मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सोडण्याआधी नातेवाइकांपैकी दोघांना फिजिओथेरपिस्टने किंवा सिस्टरने अर्धा तास प्रत्यक्ष करून दाखवावे, आणि त्यांच्याकडून करवून घ्यावे. त्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही होऊ नये. रुग्ण हलवताना सिस्टरला, वॉर्डबॉयला किंवा मावशींना झालेली इजा कामावरची इजा म्हणून नोंदवावी. आज ती वैयक्तिक आजारपणाच्या रजेत मुरते, आणि मोजलेच नाही तर सुधारायचे काय?

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. ठरावीक उत्पन्नाखालील ६५ वर्षांवरच्या नागरिकांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगली योजना आहे. ती चालत्या-बोलत्या वृद्धाचा विचार करते. अंथरुणावरच्या वृद्धासाठी सरकचादर, रुंद पट्टा आणि दाब कमी करणारी गादी ही साधनेही त्या यादीत यावीत आणि ती वापरायला शिकवणारी आशाताई किंवा परिचारिका एकदा घरी यावी, एवढी भर त्यात सहज घालता येईल.

तोपर्यंत वाचकांना एकच विनंती. घरातल्या रुग्णाला घ्यायला तुम्ही दवाखान्यात याल, तेव्हा औषधे कोणती आणि पथ्य काय हे आम्हाला विचारताच. त्याच दमात आणखी एक विचारा : 'याला हलवायचे कसे, ते आम्हाला करून दाखवा.' आम्ही घाईत असू, तरी खाटेजवळून हलू नका. चार दिवस चार घरांनी विचारले, की पाचव्या दिवशी ते आम्हीच आधी दाखवायला लागू.